आमची द्राक्षं रॉटरडॅमला गेली त्याची गोष्ट (माझा अनुभव)

एक्स्पोर्टला माल द्यायचा म्हणजे नेमकं काय करावं लागतं असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आमचा निफाड तालुका, दोन एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग. वडील कायम लोकललाच देत आले, म्हणजे व्यापारी बांधावर येणार, भाव ठरणार, पैसे आले तर आले. २०२३ च्या सीझनला मी म्हटलं यंदा युरोपला देऊ. वडील म्हणाले दे बाबा, पण लिहोसीन आठवतंय ना?

नवीन लोकांना हे माहीत नसेल. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला लिहोसीन आपल्याकडे सर्रास मारायचे, आणि आपल्या लॅबच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. २०१० ला इथून पास रिपोर्ट घेऊन गेलेल्या मालात युरोपात त्याचा अंश सापडला, कंटेनर तिकडे अडकले आणि फटका शेवटी बागायतदाराला बसला. आमच्या वस्तीवरच्या दोघा-तिघांनी त्यानंतर एक्स्पोर्टचं नाव काढलं नाही, वडील त्यातलेच एक.

तर पहिलं काम प्लॉट नोंदणी. सातबारा, बागेचा नकाशा, अर्ज, कृषी खात्यात दोन चकरा, झालं. यात फार सांगण्यासारखं नाही. मिळतो तो ग्रेपनेटचा नंबर. अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, ही सिस्टीम २००६ पासून आहे आणि त्या नंबरावरून पार पेटीपर्यंत माग काढता येतो, म्हणजे तिकडे कुणी पेटी उघडून तक्रार केली तर निफाडातला कुठला बांध ते कळतं. आमच्या वस्तीवर कुरिअरवाल्याला अजून घर सापडत नाही, पण डच माणसाला बाग सापडते.

मग फवारणीची वही. कुठलं औषध, किती, कधी, काढणीच्या किती दिवस आधी, सगळं लिहायचं. मी रात्री जेवण झाल्यावर लिहायचो, बायको म्हणायची शाळेत एवढा अभ्यास केला असता तर. नोव्हेंबरच्या शेवटी गारपीट झाली, आमच्या पलीकडच्या शिवारात बागा झोडपल्या गेल्या, आम्ही थोडक्यात वाचलो.

जानेवारीत एक्स्पोर्टरबरोबर त्याच्या डच पार्टीचा, म्हणजे नेदरलँड्सच्या खरेदीदाराचा, माणूस बाग बघायला आला. हा उंच, मांडवाखाली वाकूनच चालत होता. ब्रिक्स म्हणजे गोडी मोजून बघितली, मण्याला १८ एमएमची रिंग लावून बघितली, चार मणी खाल्ले, काही बोलला नाही. मला वाटलं झालं, नापास. चहा घेताना मात्र मोकळा झाला. मी एक्स्पोर्टरच्या पोराला मध्ये घालून विचारलं की तुम्ही एवढी द्राक्षं खाता का हो, कारण आपला युरोपातला सगळ्यात जास्त माल नेदरलँड्सलाच जातो. तो हसला, म्हणे आम्ही कुठे खातो, माल रॉटरडॅमला उतरतो आणि तिथून ट्रकने जर्मनी वगैरे निघून जातो. दुसरं विचारलं की चिली, पेरू, साउथ आफ्रिकेच्या द्राक्षांना तुमच्याकडे ड्युटी नाही मग आमच्यालाच का. तर म्हणे त्यांचा युरोपियन युनियनशी करार आहे, तुमचा नाही, आणि आम्ही डच लोक एकटे तो करू शकत नाही, ते ब्रसेल्स आणि दिल्लीला विचारा. घरी येऊन बघितलं तर तेव्हा ते बरोबरच होतं, ही बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला थांबली, २०२२ ला परत सुरू झाली. गंमत म्हणजे याच डचांची सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यात वखार होती, पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. तेव्हा थेट यायचे आणि धंदा करायचे, आता मध्ये सत्तावीस देश.

आता मेन गोष्ट. लॅबची माणसं येऊन सँपल घेऊन गेली आणि रिपोर्ट आला फेल. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचा अंश सापडला. मी म्हटलं शक्यच नाही, मी तर डबा घरातसुद्धा आणला नव्हता, कारण युरोपने २०२० मध्ये ते बंद करून अंशाचं लिमिट ०.०१ वर आणलंय हे मला पाठ होतं. किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे शंभर टन द्राक्षात एक ग्रॅम. दोन दिवस वही उलटीपालटी केली. मग वडीलच म्हणाले, ब्लोअर (फवारणीचं मशीन) कुणाचा आणला होता रे? चुलत भावाचा. तो माल लोकलला देतो, त्याने मिलीबग किडीसाठी हेच औषध मारलं होतं आणि टाकी नुसती पाण्याने हिसळून मला दिली होती. त्याची चूक म्हणावी तर तसं नाही, त्याच्या बागेत ते चालतंच, मीच विचारायला पाहिजे होतं.

प्लॉट सिस्टीममध्ये अडकला. एक्स्पोर्टर म्हणाला थांबा, औषधाचा अंश उतरू द्या, परत सँपल घेऊ. पिकलेला माल वेलीवर ठेवून थांबणं काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. रात्री ढग दिसले की झोप नाही, आणि शेजारचा कांदावाला निर्यातबंदीने वैतागलेला, तो रोज येऊन धीर द्यायच्या नावाखाली अजून घाबरवायचा. अडीच आठवड्यांनी दुसरा रिपोर्ट आला, पास.

पुढचं पटापट झालं. काढणी, पॅकहाऊस, पनेट म्हणजे प्लॅस्टिकचे छोटे डबे भरणं, प्रीकूलिंग म्हणजे माल थंड करणं, पेटीत बुरशी रोखणारा ग्रेपगार्डचा कागद, मालात कीड-रोग नाही असं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, कंटेनर न्हावा शेवाला. आणि तिथे नवीनच भानगड. लाल समुद्रात येमेनमधल्या हुती बंडखोरांचे जहाजांवर हल्ले चालू होते म्हणून जहाजं सुएझने न जाता आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून चालली होती. तीन-साडेतीन आठवड्यांचा प्रवास पाच आठवड्यांच्या वर गेला, भाडं वाढलं, आणि ८२ रुपये किलोने ठरलेला भाव एक्स्पोर्टरने फोनवर ७६ केला. मी भांडलो, पण माल जहाजात, भांडून करणार काय. येमेनच्या भांडणाचे सहा रुपये निफाडात कापले गेले.

एप्रिलमध्ये एक्स्पोर्टरच्या पोराने फोटो पाठवला, देठ थोडे तपकिरी पण मणी टणक, क्लेम नाही, म्हणजे खराब मालाची भरपाई मागितली नाही. पैसे मे मध्ये दोन हप्त्यात आले. वडिलांनी फोटो मोठा करून करून बघितला, मग म्हणाले आपली पेटी कशावरून? मी नंबर दाखवला. वही काढून त्यांनी एक-एक आकडा जुळवला आणि मगच चष्मा काढला.

पुढच्या सीझनला ब्लोअर हप्त्याने स्वतःचा घेतला. चुलत भाऊ मागायला आला होता. दिला, पण परत आल्यावर टाकी मी स्वतः तीनदा धुतली, तो बघत उभा होता, काही बोलला नाही.