आमची वाटचाल : मुरमावरची बग्गी

सुरुवातीला आमच्या सोलापूरच्या दुकानात रिमोटवर चालणाऱ्या छोट्या रेसिंग गाड्यांची फक्त मोडतोड यायची. सर्व्होचे (स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटारीचे) झिजलेले गिअर, चाक धरणारा तुटलेला आर्म, मोटारीची सुटलेली वायर. जोडून दिलं की काम संपलं. पण त्याच गाड्या परत येत आणि आता तक्रार वेगळी असे: "काका, मागनं फिरतीय ओ", "वळायलाच तयार नाही", "उडी मारली की नाकावर पडते". यातलं काहीच मोडलेलं नसायचं. दुकान दुरुस्तीकडून सेटअपकडे, म्हणजे गाडी जमिनीप्रमाणे जुळवून देण्याकडे, सरकलं ते या तक्रारींमुळे, आणि आज निम्म्याहून जास्त काम त्याचंच आहे: रिमोटच्या ऑफ-रोड रेसिंग बग्ग्या, वन-टेन आणि वन-एट (खऱ्या गाडीच्या एक दशांश आणि एक अष्टमांश) मापाच्या.

कंपनीच्या सेटअप शीटवर आम्ही आधी फार भरवसा ठेवला. तो चुकला. त्या शीट ज्या ट्रॅकसाठी बनतात तिथली माती चाळलेली, पाणी मारून दाबलेली असते. काही ठिकाणी तर ती चिकट व्हावी म्हणून साखरेचं पाणी शिंपडतात. (साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे सांगितलं की समोरचा आधी हसतो.) आपल्याकडे गाडी फिरते मोकळ्या प्लॉटवर, मुरमाच्या मैदानावर. खाली कडक थर, वर बारीक खडी, त्यावर फुफाटा. काळ्या मातीच्या रानात तर उन्हाळ्यात भेगा आणि पावसात चिकटा. तिथे पकड मिळते ती खडीच्या खालच्या थरातून, म्हणून टायरचे काटे खालपर्यंत पोचले पाहिजेत. आमच्या शीटवर पहिली ओळ आता टायरची आहे. मागच्या टायरचे काटे निम्मे झिजले असतील तर पुढचं काही मोजायचंच नाही, आधी टायर बदलायचे. आतला फोम एका बाजूला गोळा झालाय का तेही बोटाने दाबून बघायचं. टायर रिमला चिकटवताना कड आधी अ‍ॅसिटोनने पुसायची, नाहीतर इन्स्टंट ग्लू धरत नाही आणि तिसऱ्या वळणावर टायर रिमवरून उतरतो.

दुसरी ओळ खुळखुळ्याची. 'हँडलिंग बिघडलं' म्हणून आलेल्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्या फक्त ढिल्या असतात. गाडी स्टँडवर ठेवा, मागचं चाक पुढून-मागून दोन बोटांत धरा आणि हलवा. वन-टेनचा टायर साधारण ८३ ते ८५ मिमी व्यासाचा. त्याच्या कडेला पाऊण मिलिमीटर हाललं म्हणजे जवळजवळ एक अंश झाला. टू-व्हील (फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या) बग्गीला मागे टो-इन, म्हणजे चाकांची पुढची कड आत वळलेली, असतो ३ अंश. त्यातला एक अंश स्वतःच्या मर्जीने येत-जात असेल तर सरळ रेषेत गाडी शेपूट हलवणारच. ढिलाई सापडते ती तीन ठिकाणी: आर्म जिच्यावर हलतो ती हिंज पिन, लिंकच्या (जोडदांडीच्या) टोकाचे बॉल कप आणि हबमधली (चाकाच्या आधारातली) बेअरिंग. कप आणि पिन बदलायला दहा मिनिटं लागतात. उलट चूकही होते: नवीन आर्म इतका घट्ट बसवतात की तो अडकून राहतो. शॉक (धक्का झेलणारी तेलाची नळी) सोडल्यावर आर्म आपल्या वजनाने खाली पडला पाहिजे. पडत नसेल तर भोकातून रीमर (भोक किंचित मोठं करणारं हत्यार) फिरवा, पिनला तेल घालू नका. तेलावर फुफाटा बसतो आणि पीठ दळल्यासारखी पिन झिजते.

बेअरिंगची एक खास सोलापुरी भानगड आहे. ५×१०×४ ची बेअरिंग खर्रखर्र करते म्हणून काढली तर तिच्या आणि हबच्या मधे सुताचा धागा गुंडाळलेला निघतो. माग चालणाऱ्या भागात जमिनीवर सूत असतंच. अ‍ॅक्सलला अडकलं की ते आत ओढलं जातं, बेअरिंगची झाकणी (शील्ड) दाबतं आणि मग धूळ आत. म्हणून प्रत्येक सर्व्हिसला चाकं काढून अ‍ॅक्सलच्या मुळाशी चिमटा फिरवतो.

शॉक हे आमचं मुख्य काम झालं, आणि तिथेच आम्ही सगळ्यात जास्त शिकलो. टेबलावर आम्ही टर्किश टॉवेल अंथरतो. स्क्रू घरंगळत नाही, सर्क्लिप उडाली तर सापडते. शॉक उघडायच्या आधी मात्र टॉवेल बाजूला, आणि वर्कशॉपात हात पुसायला असतं ते सुती वेस्टही बाजूला. शॉकच्या आत तेलातून सरकणाऱ्या पिस्टनचं भोक असतं सव्वा ते दीड मिलिमीटरच्या आसपास. एक तंतू त्यात अडकला की तो शॉक बाकीच्यांपेक्षा कडक होतो आणि गाडी एकाच बाजूच्या वळणात बिघडते. उजवीकडे छान, डावीकडे फिरते, अशी तक्रार आली की आम्ही आधी शॉकची जोडी जुळवून बघतो.

भरताना शाफ्ट पूर्ण खाली ओढायचा, तेल काठापर्यंत, मग पिस्टन हळूहळू वर-खाली करायचा. घाई केली की हवा तेलात फेसासारखी मिसळते. दहा मिनिटं उभा ठेवायचा, बुडबुडे वर येतात. टोपण कसताना शाफ्ट अर्धा आत असावा आणि जास्तीचं तेल बाहेर पडू द्यावं. शाफ्ट पूर्ण बाहेर ठेवून कसलं तर आत येणाऱ्या शाफ्टला जागाच उरत नाही. शॉक शेवटच्या काही मिलिमीटरला अडतो आणि सील फुगून गळायला लागतं. जोडी झाली की दोन्ही शॉक, स्प्रिंग न घालता, आडवे धरून एकमेकांवर दाबायचे. दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने आत गेले पाहिजेत, सोडल्यावर सारखेच बाहेर आले पाहिजेत. त्याआधी व्हर्नियरने दोन्हींची लांबी मोजायची, ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक आम्ही सोडत नाही.

तेलाच्या बाबतीत एक गोष्ट ग्राहकाला समजावून थकलो होतो, म्हणून बाटल्यांवर आता आमचीच चिठ्ठी लावतो. '३०', '३५' हे वेट नंबर कंपनीगणिक बदलतात. सेंटिस्टोक (तेलाच्या दाटपणाचं माप) बघायचा. ३५० आणि ४२५ या शेजारच्या पायऱ्या. आणि हा आकडा २५ अंशाला मोजलेला असतो. सिलिकॉन तेल इतर तेलांपेक्षा कमी पातळ होतं हे खरं, पण ४२ अंशाला तेही साधारण पाव भागाहून जास्त पातळ होतं. म्हणजे जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत जमलेलं ३५० चं तेल एप्रिलच्या दुपारी २५०-२६० सारखं वागतं. गाडी उडीवरून उतरताना चेसिस जमिनीला 'टप्प' आपटायला लागते. त्यात स्प्रिंगचा दोष नाही. उन्हाळ्यात आम्ही एक ते दोन पायऱ्या जाड तेल घालतो आणि ते दुकानात नाही, गाडी दहा मिनिटं उन्हात ठेवून तपासतो.

खडबडीत जमिनीवर मात्र जाड तेल हे प्रत्येक दुखण्याचं औषध नाही. बारीक भोकाचा पिस्टन जोरात दाबला की तेलाला निसटायला वाट मिळत नाही आणि शॉक क्षणभर दगड होतो. मग गाडीचं मागचं टोक खडीवर उडत राहतं. मुरमावर आम्हाला मोठी भोकं आणि जाड तेल ही जोडी बरी वाटते; नुसत्या मोठ्या उड्या असतील तर बारीक भोकं आणि पातळ तेल.

पिस्टन स्वतः बनवायचाही एक काळ होता. एमआयडीसीतल्या लेथवर डेलरिनचे (कडक प्लॅस्टिकचे) तुकडे कापायला सोपे, पण १.३ ची ड्रिल बाहेर येताना कडेला बर (बारीक खरखरीत कड) सोडते, आणि दोन भोकांतला फरक डोळ्यांना दिसत नसला तरी तेलाला कळतो. जोड्या जुळेनात. ते काम बंद केलं. लेथवर आता फक्त अ‍ॅल्युमिनियमचे वॉशर होतात, ०.५, १ आणि २ मिमीचे, लिंकच्या बॉलखाली घालायला.

स्प्रिंगच्या रंगावरही विश्वास ठेवत नाही. एका कंपनीची पांढरी दुसरीच्या निळीहून कडक असू शकते, आणि वापरलेली स्प्रिंग बसते ते वेगळंच. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर स्प्रिंग उभी, वरून १० मिमी दाबायची आणि ग्रॅम वाचायचे. डावी-उजवी जोडी त्या आकड्यावर लावतो, रंगावर नाही.

एवढं झाल्यावरच पाना हातात घेतो. राइड हाइट (चेसिसची जमिनीपासून उंची) बॅटरी आणि बॉडीसकट मोजायची, गाडी १५ सेंटीमीटरवरून सोडून, स्थिरावल्यावर. वन-टेनला मुरमावर २३-२४ मिमी, वन-एटला पुढे २८, मागे ३० पासून सुरू करतो. कॅम्बर (चाकाचा उभा कल) पुढे १ अंश, मागे २ अंश, वरची कड आत. टायर आडवा सारखा झिजतोय तर ठीक, नाहीतर झिजेल त्या उलट बाजूला अर्धा अंश.

टू-व्हील बग्गी गॅस देताना मागून फिरत असेल तर आमचा क्रम असा: बॅटरी १० मिमी मागे, मागची स्प्रिंग एक पायरी मऊ, मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी तार) असेल तर काढून टाकणं. यातलं एकच, मग पाच फेऱ्या, मग पुढचं. तिन्ही एकदम केलं की पुढची चाकं हलकी होऊन गाडी वळायचीच थांबते आणि नक्की कशाने ते कळत नाही. गाडी वळतच नसेल तर उलट चालायचं, पण आधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना सारखं पोचतंय का ते रिमोटवर बघा. दहापैकी दोन गाड्यांत सर्व्होचा हॉर्नच (वरचा फिरणारा दांडा) एक दात सरकलेला असतो. उडीवर नाक पडणं हे बऱ्याचदा सेटअपचं दुखणं नसतंच. हवेत गॅस सोडला किंवा ब्रेक मारला की चाकांचा फिरता भार थांबतो आणि नाक खाली जातं. थोडा गॅस ठेवला की वर येतं. हे आम्ही फुकट सांगतो.

वन-एटच्या तीन डिफमध्ये (चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलमध्ये) ५०००, ५०००, ३००० सेंटिस्टोक हा आमचा पाया: पुढे, मधे, मागे. मधलं पातळ ठेवलं तर खडबडीवर पुढची हलकी झालेली चाकं मोकळी फिरतात आणि ताकद तिथेच वाया जाते. मधलं ७००० केलं की गाडी ओढते चांगली, पण गॅसवर वळणात सांभाळायला अवघड जाते. मे महिन्यात इथेही एक पायरी वर. भरताना तेल आतल्या क्रॉस पिनपर्यंतच. काठापर्यंत भरलं की तापल्यावर फुगतं आणि गॅस्केटमधून वाट काढतं. आता आम्ही सोनाराच्या छोट्या काट्यावर डिफ वजन करूनच बंद करतो, म्हणजे पुढच्या सर्व्हिसला किती गळलं ते सरळ ग्रॅममध्ये कळतं.

उन्हाळ्याचा आणखी एक नियम. पाच मिनिटं पळवून मोटारीवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. ८० अंशाच्या वर गेलं तर पिनियनचा (मोटारीवरच्या छोट्या गिअरचा) एक दात कमी करा. गाडी सरळ रेषेत थोडी मंद वाटेल, मोटार वाचेल. लिपो बॅटरी बंद मोटारकारमध्ये ठेवू नका, आठवडाभर चालवणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. फुगलेली बॅटरी आम्ही टेबलावर घेत नाही.

सेटअपला गाडी आणायची असेल तर धुऊन आणू नका. शॉकच्या शाफ्टवर धूळ जिथे संपते तिथपर्यंतच तो आत जातो, हे त्या रेघेवरून दिसतं. चेसिसखालचे ओरखडे पुढे जास्त की मागे, काटे आतून झिजलेत की बाहेरून, धागा कुठे अडकलाय, हे सगळं त्या मातीतच असतं. पाणी मारलेली गाडी आली की आम्ही तिला आधी मैदानावर चार फेऱ्या मारायला पाठवतो.