लाईन आली तेव्हा

गेल्या मे महिन्यात वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, परसातल्या विहिरीवर माझ्या धाकट्या भावाला विजेचा जबर झटका बसला. तो वाचला, म्हणून हे लिहिणे शक्य होत आहे. घरातली सगळी स्वयंचलित व्यवस्था मी नागपुरात बसून, मोठ्या हौसेने आणि आईचे कष्ट वाचावेत या इच्छेने उभी केली होती, त्यामुळे नेमके काय घडले हे मीच मांडले पाहिजे.

विहिरीच्या काठावर दीड अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर आहे. वडील होते तोवर ती सुरू करणे आणि बंद करणे हे रोजचे काम होते. पहाटे लाईन असली की ते बटण दाबत, टाकीखाली उभे राहून पाण्याचा आवाज ऐकत आणि टाकी भरत आली की स्वतः जाऊन मोटर बंद करत. मोटरीला हात लावायची वेळ आली, तर लाईन गेलेली असली तरीही ते पेटीतले दोन्ही किटकॅट, म्हणजे चिनीमातीचे फ्यूज, उपसून बंडीच्या खिशात टाकत आणि काम संपल्यावरच परत बसवत. या सवयीबद्दल त्यांनी आम्हाला कधी काही समजावून सांगितले नाही आणि आम्हीही ती पाहूनच मोठे झालो.

त्यांच्या पश्चात मी टाकीत सेन्सर बसवला. पाणी खाली गेले की मोटर आपोआप सुरू होई, टाकी भरली की बंद होई, विहिरीचे पाणी तुटले तर मोटर जळू नये म्हणून कोरडी चालतानाही ती थांबे आणि हे सगळे मोबाईलवर दिसे. दाराला बोटाच्या ठशाचे कुलूप आणि अंगणात कॅमेरेही आले. त्या कॅमेऱ्यांनंतर शेजारच्या काकूंचे दिवसातून दोनदा डोकावून जाणे कमी झाले, हे मला फार उशिरा कळले. विहिरीजवळच्या पेटीचे दार वर्ष-दीड वर्ष कोणी उघडलेच नाही. अपघातानंतर ती उघडली, तेव्हा आत गांधीलमाशीने घर केले होते.

त्या दिवशी फुटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे विहिरीत सोडलेल्या पाइपच्या तळाच्या झडपेत, कचरा अडकल्याने मोटर पाणी ओढत नव्हती आणि कोरडी चालते आहे हे ओळखून यंत्राने ती थांबवली होती. थोड्याच वेळात लाईन गेली. भाऊ विहिरीवर निघाला, तेव्हा आईने विचारले, ‘‘किटकॅट काढले का रे?’’ त्याने मोबाईल दाखवला. पडद्यावर ‘मोटर बंद’ असे लिहिलेले होते. तो म्हणाला, ‘‘लाईनच नाही ना आई, मंग काय होते?’’ पण लाईन गेली की वायफायचे यंत्रही बंद पडते आणि मोबाईलवर दिसत राहते ती फक्त शेवटची माहिती. त्या पडद्याला विहिरीवरचे काहीही कळत नव्हते. शिवाय लाईन परत आली की मोटर चालवणारे यंत्र नव्याने सुरू होते, टाकी रिकामी पाहते आणि मोटरीला पुन्हा हुकूम देते.

भाऊ ओल्या हाताने मोटरीत पाणी भरत होता आणि डावा तळवा तिच्या लोखंडी अंगावर टेकलेला होता. विदर्भाच्या उन्हात वायरीच्या जोडावरची टेप वाळून सुटली होती. लाईन आली, मोटर घुरघुरली आणि २३० व्होल्टची वीज मोटरीच्या अंगातून त्याच्या हातात उतरली. शरीरातून साधारण १० ते २० मिलिअँपिअर प्रवाह गेला, तरी हाताचे स्नायू आवळतात आणि माणसाला पकड सोडवता येत नाही. त्याचा आवाजही निघाला नाही. आईने आंबे पाडायची वाळलेली बांबूची काठी उचलली आणि त्याच्या मनगटावर सगळ्या ताकदीने मारली, तेव्हा तो बाजूला पडला. त्याला हाताने ओढायचे नाही, एवढे तिला पक्के ठाऊक होते.

घरात गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी होता. ३० मिलिअँपिअर गळती झाली, तर तो क्षणार्धात पडायला हवा होता. आदल्या पावसाळ्यात तो वारंवार पडतो, या कंटाळ्यापायी वायरमनने त्याला वगळून थेट जोडणी केली होती. बोर्डावर तो तसाच दिसत होता, म्हणून आम्हीही निर्धास्त होतो. त्यावर तपासणीचे एक बटण असते आणि ते महिन्यातून एकदा दाबायचे असते. ते एकदा जरी दाबले असते, तरी सगळे उघड झाले असते. शेजारचा एमसीबी, म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की वीज तोडणारा स्विच, १६ अँपिअरचा होता. तो वायरीला जपतो, माणसाला नाही, कारण माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी प्रवाह पुरतो. अर्थिंगचा, म्हणजे गळलेली वीज जमिनीत उतरवणाऱ्या तारेचा, खड्डाही कोरडा पडला होता. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून वडील दर आठवड्याला त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत. तेही त्यांच्यानंतर थांबले होते.

भाऊ दोन दिवस दवाखान्यात होता. तळव्यावरचा व्रण राहिला, हृदयाचा आलेख मात्र ठीक आला. मी त्या रात्री गावी पोहोचलो, तेव्हा अंगठ्याच्या कुलपाने मला आत घेतले नाही, त्याचे सेल संपलेले होते. आई आतून उठून आली आणि तिने दार उघडले. ती दिवसभर काही खाल्ल्याविना बसली होती.

आता सेन्सर आहे, पण तो टाकी भरल्याचे फक्त सांगतो, मोटर सुरू करणे हाताचे काम आहे. जोड नवे आहेत, आरसीसीबी पुन्हा जोडला आहे आणि दर १ तारखेला पुतण्या त्याचे बटण दाबतो, घरभर अंधार झाला की आजीला ओरडून सांगतो. अर्थिंगचा खड्डाही ओला असतो. मागच्या रविवारी फुटव्हॉल्व्ह पुन्हा काढायचा होता. भावाने दोन्ही किटकॅट उपसून आईच्या हातात दिले. तिने ते पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले आणि तो विहिरीवरून परत येईपर्यंत दारातच बसून राहिली.