पहिली गुंडाळी: वेढ्यावरून उडणारी मेश अखेर ठिकाणावर

पीहर्क पॅरिस 4 ही प्राचीन पापायरसची कोळसा झालेली गुंडाळी न उघडता, तिच्या क्ष-किरण स्कॅनमधून वाचण्याचे काम मी करतो आहे. मागील नोंदीत ज्या दबलेल्या पट्ट्यापाशी ते अडले होते, तो अखेर सुटा झाला असून तिच्यातील माझा सेगमेंट (स्कॅनमधून वेगळा काढलेला पानाचा तुकडा) आता सलग एकाच वेढ्यावर, म्हणजे गुंडाळीच्या एकाच फेऱ्यावर, राहतो.

अडचण शाईची नव्हतीच. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन शहरातल्या या गुंडाळ्यांचा कोळसा झाला आणि त्या चेपल्या गेल्या; त्यामुळे काही ठिकाणी दोन वेढ्यांमध्ये फटच उरलेली नाही. 7.91 मायक्रोमीटरच्या स्कॅनमध्येही तेथे एकच जाड करडी रेघ दिसते आणि स्वयंचलित मेश (पानाचा पृष्ठभाग दाखवणारे संगणकीय जाळे) तिच्यातून बेमालूमपणे शेजारच्या वेढ्यावर उतरते. मग शाई ओळखणारे संगणकीय मॉडेल चालवले की डावीकडे व्यवस्थित ओळी आणि उजवीकडे निराळ्याच उंचीवरची अक्षरे मिळतात. गुळगुळीतपणाचे मापदंड कितीही बदलले तरी ही उडी जागची हलत नव्हती. मेश गुळगुळीत आहे म्हणजे ती बरोबर आहे, असे गृहीत धरणाऱ्या साधनांवर माझा आता विश्वास उरलेला नाही.

वाट दाखवली ती तंतूंनी. पापायरसच्या पानात पट्ट्यांचे दोन थर एकमेकांशी काटकोनात असतात आणि मजकूर सहसा आतल्या, आडव्या तंतूंच्या बाजूवर असतो. गुंडाळीच्या अक्षाला लंब काप पाहिला तर आडवे तंतू रेषांसारखे आणि उभे तंतू ठिपक्यांसारखे दिसतात. केंद्राकडून बाहेर जाताना रेषा, ठिपके, पुन्हा रेषा, पुन्हा ठिपके असा क्रम लावत गेल्यावर त्या जाड रेघेतले दोन्ही वेढे वेगळे ओळखता आले. उडीच्या जागी हाताने बिंदू रोवून मेश पुन्हा वाढवली, तेव्हा तुटलेली ओळ जुळली. आधी ज्या ओमेगा या ग्रीक अक्षराची केवळ डावी वाटी दिसत होती, तो आता दोन्ही वाट्यांसह पूर्ण उमटला आहे आणि तो पाहून झालेला आनंद शब्दांत मांडणे कठीण आहे. मॉडेलची खिडकी अक्षरापेक्षा लहान असल्यामुळे हा आकार त्याने कल्पनेने पूर्ण केला असण्याची शक्यताही फारशी नाही.

यानंतर बाहेरच्या वेढ्यांकडे वळण्याचा विचार होता. मात्र हे लिहितानाच वाटू लागले की रेषा आणि ठिपके ओळखणारे छोटे मॉडेल आधी तयार करावे, म्हणजे उड्या मेश वाढत असतानाच पकडल्या जातील. त्याची चाचणी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील पीहर्क 172 या गुंडाळीवर घेईन. 2025 मध्ये ग्रीक तत्त्वज्ञ फिलोडेमसच्या ‘दुर्गुणांविषयी’ या ग्रंथाचे शीर्षक वाचले गेले ते त्याच गुंडाळीत. या गुंडाळ्या वाचण्यासाठीच्या व्हेसुव्हियस चॅलेंज या स्पर्धेने स्कॅन सर्वांसाठी खुले ठेवले आहेत, तेव्हा ज्यांच्याकडे दबलेल्या भागांचे सेगमेंट पडून आहेत, त्यांनी निदान एका कापावर हा क्रम तपासून पाहावा.