नातीचा फॉर्म, आजोबांचं कार्ड

फुटबॉल क्लबाच्या बाल सदस्य नोंदणीचं टेबल मॅचच्या दिवशी गेटच्या तोंडाशी लावायचं नसतं. गेटवर माणसाला आत शिरायची घाई असते; जागा पकडल्याशिवाय तो कुठलाही फॉर्म भरत नाही. टेबल हवं आत, सावलीत, पाण्याच्या पिंपाच्या वाटेवर. मैदानात आलेलं मूल थोड्याच वेळात पाणी मागतं, आणि त्याला पाण्याला घेऊन येणारं मोठं माणूस तेवढ्यापुरतं मोकळं असतं. टेबलावर दोघं बसवायचे: एक मोठ्यांशी बोलायला, दुसरा फक्त मुलांशी. मुलाला आधी नाव, शाळा, इयत्ता विचारली की ते आईच्या मागे लपतं. ‘तू कुठे खेळतोस, पुढे की मागे?’ असं विचारलं की बोलायला लागतं, भले त्याने अजून बॉलला पाय लावलेला नसो.

नवी मुंबईत नेरूळमधल्या आमच्या छोट्या क्लबात हे टेबल माझ्याकडे असतं. त्या मोसमातली पहिली होम मॅच तुळशीची लग्नं उरकल्यानंतरच्या रविवारी आली. किक-ऑफ साडेचारचा, आणि हार्बर रेल्वेवर पनवेल-वाशी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद. ब्लॉक साधारण अकरा ते चार असतो, म्हणजे खारघर-पनवेलकडची गर्दी सव्वाचारला एकदम येऊन आदळणार हे उघड होतं. त्याआधी टेबलापाशी आले ते चालत किंवा रिक्षाने येता येईल असे लोक: करावे, दारावे, सीवूड्स, सारसोळे. आणि मुलांना घेऊन आलेल्यांत आई-बाप कमी, आजी-आजोबाच जास्त. आई-बाप कुणी ड्युटीवर, कुणी ब्लॉकमध्ये अडकलेले, कुणी हळदीला गेलेले. आमची सगळी तयारी आई-बापांच्या हिशोबाने केलेली होती.

फॉर्म पोस्टकार्डाएवढा आहे. मुलाचं नाव, जन्मवर्ष, पालकाचा मोबाइल, पत्ता, आणि एखादी ॲलर्जी किंवा चालू औषध. बस. आधारची झेरॉक्स नाही, आई-वडिलांचा व्यवसाय नाही. जे लागत नाही ते मागायचंच नाही, कारण मागितलेलं सांभाळावं लागतं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि त्याची माहिती घ्यायला पालकाची पडताळता येईल अशी संमती मागतो. मुलांवर ऑनलाइन पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. मुलांबाबतच्या तरतुदी मोडल्या तर दंड २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने होणार आहे. पण तोवर थांबण्यात अर्थ नाही. कागदावर घेतलं म्हणजे सुटलो, असंही नाही. तो कागद नंतर एक्सेलमध्ये चढला की तीही डिजिटल माहितीच.

म्हणून आमच्याकडे दोन पद्धती आहेत. पालक समोर असेल तर त्याचं ओळखपत्र बघायचं, त्याचा फोटो काढायचा नाही, सही घ्यायची. समोर नसेल तर त्याच्याशी फोनवर बोलायचं, मग त्याच्या मोबाइलवर लिंक पाठवायची. ओटीपी टाकून तो दोन चौकटींवर वेगवेगळी खूण करतो. एक सदस्यत्वाची, दुसरी फोटोची. या दोन्ही एकत्र कधी करू नयेत. मुलगी क्लबात हवी पण इन्स्टाग्रामवर नको, असं म्हणणारी घरं भरपूर असतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. फोटोला नकार असलेल्या मुलाच्या मनगटावर हिरव्याऐवजी पिवळी पट्टी बांधतो, म्हणजे फोटोग्राफरला यादी बघत बसावं लागत नाही. पट्टीवर मुलाचं नाव बाहेरच्या बाजूला लिहायचं नसतं. अनोळखी माणूस नावाने हाक मारू शकतो. आतल्या बाजूला पालकाचा मोबाइल, तोही मार्करने. बॉलपेन घामाने अर्ध्या तासात पुसतं.

सव्वादोनच्या सुमारास करावे गावातले एक आजोबा नातीला घेऊन आले. मुलगी आठ-नऊ वर्षांची, केस घट्ट बांधलेले, मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले. तिला खेळाडूंचा हात धरून मैदानात चालत जायचं होतं. ती जागा फक्त सदस्य मुलांना मिळते, दोन्ही संघांची मिळून बावीस मुलं. मुलीचे आई-बाप उलव्याला लग्नात. आईला फोन लावला, लागला नाही. बापाचा लागला, पण पलीकडून नुसता बँजो ऐकू आला.

आजोबा म्हणाले, “ही नात हाय माजी. मी काय परका हाय का? घ्या सही.”

सही घेता येत नव्हती. संमती आई-वडिलांची किंवा कायदेशीर पालकाची लागते, आणि शाळेतून रोज आणणारे, ताप आला तर दवाखान्यात नेणारे आजोबा त्यात आपोआप बसत नाहीत. हे टेबलावर बसून एखाद्या आजोबांना सांगणं सोपं नाही. आमच्यातला नवा मुलगा ‘नियम आहे’ म्हणून मोकळा होणार होता; ते वाक्य टेबलावर कधीच वापरू नये. काय करता येत नाही ते एकदाच सांगायचं आणि काय करता येतं ते लगेच पुढे ठेवायचं. पाल्य मोठ्यांच्या तिकिटावर त्यांच्या शेजारी बसू शकतं, त्यासाठी त्याचं नाव-गाव लागत नाही. फॉर्म घरी नेता येतो. आणि मोठ्या माणसाला स्वतःला सदस्य होता येतं, तिथल्या तिथे.

“मंग माजाच भरा,” आजोबा म्हणाले.

मोठ्यांचे फॉर्म आम्ही आणलेच नव्हते म्हटलं तरी चालेल, तळाशी सापडलेले थोडे होते. आजोबांचा भरला. ते बघून मागचे एक रिटायर झालेले गृहस्थ, मग सीवूड्सच्या एक आजी. नातवंडांचे फॉर्म संमतीसाठी घरी गेले आणि कार्डं निघाली आजी-आजोबांच्या नावाची. बाल सदस्यांच्या टेबलावरून एवढी ज्येष्ठ मंडळी सदस्य होताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

जगभर क्लब मुलं मिळवतात ती घरातून खाली उतरत आलेल्या निष्ठेवर. बार्सिलोना १८९९ चा, सदस्यांच्याच मालकीचा. मूल जन्मलं की त्याचं नाव सदस्य म्हणून घालणारी घरं तिथे आहेत. कोलकात्यात मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा, आणि फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांनी ईस्ट बंगालला जीव लावला तो नुसत्या खेळापायी नव्हे. तिथे मुलाला क्लब निवडावा लागत नाही, तो जेवणाच्या ताटासोबतच येतो. नेरूळमध्ये हे कुठून आणणार? हे शहर वसवणारी सिडकोच १९७० ची. इथल्या सत्तरीच्या माणसाचं लहानपण खाडी, मिठागर आणि भातशेतीत गेलं, नाहीतर तो साताऱ्या-रत्नागिरीहून आलेला. गावकीत क्रिकेट आहे, कबड्डी आहे. चाळिशीतल्या बापाने केबलवर इंग्लंडची लीग बघितली, त्याचा क्लब मँचेस्टरला किंवा लंडनला. इंडियन सुपर लीगमधला मुंबई सिटी हा संघ २०१४ मध्ये इथल्याच डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सुरू झाला, पहिल्याच महिन्यात पुण्याला ५-० ने हरवलं, आंद्रे मॉरिट्झने हॅटट्रिक केली. ते बघायला गेलेली मुलं आज नोकरीला लागली आहेत. पण २०१६ पासून संघ अंधेरीत खेळायला गेला आणि नेरूळच्या बापाला लेकरासह दोन गाड्या बदलण्याचा प्रवास झाला. सवय मोडायला तेवढं पुरतं.

त्यामुळे इथे वारसा वर चढतो. मूल आधी येतं, ते आजोबांना आणतं, बाप सर्वांत शेवटी. मुलींच्या बाबतीत हे जास्तच दिसतं. २०२२ मध्ये १७ वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना इथेच झाला, स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. मुली खेळताना डोळ्यांनी पाहिलेलं घर मुलीला मैदानावर पाठवायला फार आढेवेढे घेत नाही. मग क्लबाने खर्च कुठे करायचा, हा प्रश्न उरतो. सगळे करतात तो जर्सीवर.

जर्सीची मौज अशी की साइज वयावरून मागवली तर हमखास फसते. छातीच्या इंचांवर २४, २६, २८, ३०, ३२ अशी मापं येतात. आठ वर्षांच्या मुलाला २६ किंवा २८ बसते, पण आपल्याकडे कपडा वाढत्या अंगाचा घेतात. टेबलावर आई २८ लावून बघते आणि ३२ घेऊन जाते. दरवर्षी २८ उरतात, ३२ दुपारीच संपतात. आणि फुकट जर्सीसाठी आलेलं मूल पुढच्या वर्षी परत येतंच असं नाही. म्हणून आमचं बाल सदस्यत्व वर्षाला शंभर रुपये आहे, जर्सीचे पैसे वेगळे. फुकट ठेवलं तर आकडा फुगतो, नूतनीकरणाला कोणी फिरकत नाही.

मुलाला वस्तूपेक्षा काम हवं असतं. हाफ टाइमला आम्ही चारास चार खेळवतो: पंचवीस बाय पंधरा मीटर, कडेला खुणेचे प्लॅस्टिकचे शंकू लावलेले, गोलकीपर नाही, तीन नंबरचा म्हणजे लहान बॉल. हाफ टाइम पंधरा मिनिटांचा, पण हातात येतात जेमतेम आठ. संघ आत जायला, मुलं आणायला, बाहेर काढायला बाकीची जातात, आणि दोन मिनिटं आधी पंच परत येतोच. मुलांना हाफ टाइमला गोळा करायला निघालं तर वेळ गेलाच. चाळिसाव्या मिनिटाला त्यांना कडेला आणून बसवायचं, बिब, म्हणजे संघ ओळखायची रंगीत बंडी, घातलेल्या अवस्थेत. चिखल असो नसो, तळाला खुंट्या असलेले स्टडचे बूट नकोत. पायऱ्यांच्या लादीवर पोरं आडवी होतात. टर्फवर मार्चनंतर दुपारी हा प्रकार ठेवूच नये, कृत्रिम गवत हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, पडलं की गुडघा सोलतो.

करावेच्या मुलीला हे काही मिळालं नाही. ती रुसून आजोबांच्या शेजारी बसली. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या एका बचावपटूने हात वर केला, लाइन्समनने झेंडा उचलला आणि आजोबांनी विचारलं, गोल का दिला नाही. मुलीने दोन पाण्याच्या बाटल्या आणि स्वतःचा एक बूट बाकड्यावर मांडून त्यांना ऑफसाइडचा नियम (पास सुटताना बचावपटूंच्या पुढे उभं राहायचं नाही) समजावला. बूट म्हणजे बॉल. आजोबांनी बूट मागे-पुढे सरकवून शंका विचारल्या, आणि त्या शंका बरोबर होत्या. पंचाहत्तराव्या मिनिटाला आईचा फोन आला. बोलणं झालं, लिंक गेली, दोन्ही खुणा झाल्या. मुलीचं नाव पुढच्या होम मॅचच्या बावीसमध्ये पहिलं घातलं.

त्यानंतर नोंदणीचं काम आम्ही बदललं. फॉर्मच्या पाठीवरच मोठ्यांचा फॉर्म छापला. संमतीची लिंक मॅचच्या आठवडाभर आधी सोसायट्यांच्या आणि गावच्या ग्रुपवर जाते, म्हणजे रविवारी आई-बाप नसले तरी अडत नाही. आजी-आजोबांना मोसमभर तीच जागा मिळते, कारण ओळख शेजाऱ्यामुळे होते आणि माणूस मॅचइतकाच शेजाऱ्यासाठी येतो. ती जागा टॉयलेटजवळची, खालच्या तीन पायऱ्यांतली. वाढदिवसाला मुलाच्या नावाने पोस्टकार्ड जातं. पन्नास पैशांचं कार्ड, पण पोस्टमनने आपल्या नावाने आणून दिलेलं पत्र या मुलांनी कधी पाहिलेलं नसतं. व्हॉट्सॲप शुभेच्छांना तो भाव नाही.

मोठी गळती होते ती चौदाव्या वर्षी. नववी-दहावी, क्लास, आणि घरच्यांबरोबर दिसण्याची लाज. या वयात घरच्यांच्या शेजारची जागा दिली तर मुलगा येतच नाही. त्याला चार मित्रांच्या जागा एकत्र द्यायच्या, आजोबांपासून लांब, आणि हाताला काम: ढोल, बॅनर रंगवणं, बॉल बॉय. बॉल बॉय आठ लागतात, प्रत्येक गोलमागे दोन आणि बाजूंना दोन-दोन. दहावीचं वर्ष सदस्यत्व फुकट गोठवतो. परीक्षा झाली की एक फोन करायचा, तोही मित्राने, क्लबाने नाही.

पुढच्या होम मॅचसाठी मंडपवाल्याला वीस खुर्च्या सांगितल्या आहेत. तो बिनहाताच्या प्लॅस्टिकच्या आणतो. म्हाताऱ्या माणसाला उठायला हाताच्या लागतात, हे त्याला परत एकदा फोन करून सांगायचं आहे.