तुम्ही विचारलंत म्हणून : कांद्याचा जीनोम माणसाच्या जीनोमपेक्षा मोठा का?

जनुकशास्त्र शिकवताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : कांद्याचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा एक पूर्ण संच, माणसाच्या जीनोमच्या सुमारे पाचपट आहे, मग कांदा आपल्याहून गुंतागुंतीचा जीव मानायचा का?

तसे मानण्याचे कारण नाही. माणसाच्या जीनोममध्ये सुमारे 3.1 अब्ज बेस-जोड्या (डीएनएच्या साखळीतले दुवे) असल्या, तरी प्रथिने घडवणारी जनुके 20,000 च्या आसपासच आहेत आणि त्यांतला प्रथिनांची प्रत्यक्ष माहिती देणारा भाग एकूण डीएनएच्या दीड टक्क्याएवढा भरतो. याउलट, निम्म्याच्या जवळपास जीनोम स्वतःच्या प्रती काढून नव्या जागी घुसणाऱ्या घटकांनी आणि त्यांच्या अवशेषांनी व्यापलेला आहे. या फिरत्या घटकांचा शोध अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1940 च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांचा माग काढत लावला. त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले ते 1983 मध्ये. आपल्या जीनोममधला ‘अलू’ हा असाच एक घटक अवघ्या 300 बेस-जोड्यांचा, पण त्याच्या प्रती दहा लाखांहून अधिक आहेत.

कांद्यात अशाच प्रती साचत गेल्या. साचण्याचा वेग आणि गाळला जाण्याचा वेग यांतून जीनोमचा आकार ठरतो, जीवाच्या गुंतागुंतीवरून नव्हे. यूट्रिक्युलारिया गिब्बा या कीटकभक्षी वनस्पतीत गाळणी इतकी कडक झाली, की तिचा जीनोम दहा कोटी बेस-जोड्यांच्या आसपास उरला. जनुके मात्र तिच्यात माणसापेक्षा जास्तच आहेत.

मग हा उरलेला डीएनए पुढे उपयोगी पडेल म्हणून जपला जातो का? हा समज मला आग्रहाने खोडून काढावासा वाटतो, कारण नैसर्गिक निवडीला भविष्य दिसत नाही. फारसा अपाय न करणारे टिकून राहते आणि त्यातले काही क्वचित कामाला लागते. आपल्या पूर्वजांच्या जीनोममध्ये शिरलेल्या एका विषाणूचे जनुक आज सिन्सिटिन हे प्रथिन घडवते, आणि गर्भाला पोसणाऱ्या वारेच्या (प्लासेंटाच्या) पेशी एकमेकींत मिसळतात त्या त्याच्यामुळे.

जनुकाची दुसरी प्रत तयार होण्याचेही तसेच. लाल आणि हिरवा रंग ओळखण्याची आपली जनुके एकाच जुन्या जनुकाच्या दोन प्रतींतून वेगळी होत गेली. एक्स गुणसूत्रावर ती आजही शेजारी आहेत आणि इतकी सारखी आहेत, की बीजांड तयार होताना त्यांची जुळणी कधी कधी चुकते. एखादे जनुक गळते किंवा दोहोंचे संकरित जनुक बनते, आणि लाल-हिरव्या रंगांधत्वाचे बहुतेक प्रकार त्यातूनच येतात.