रिकामी टग

टोइंगच्या, म्हणजे टगने दुसऱ्या बोटी ओढायच्या कोर्समध्ये शेवटचे दोन तास माझे असतात. बोलार्ड पुल (टगची ओढायची ताकद), वायरचा झोळ, गर्टिंग (वायरने टग आडवी खेचली जाऊन उलटणं) हे सगळं आधीच्या तीन दिवसांत उरकलेलं असतं आणि पोरांचं लक्ष सर्टिफिकेटकडे लागलेलं असतं. म्हणून मी गोष्ट सांगतो, अमेरिकन नौदलाच्या व्हिरिओ नावाच्या टगची. गेली सहा वर्षं तीच सांगतोय. मागच्या महिन्यात हर्णैच्या एका पोराने मधेच हात वर केला आणि तेव्हापासून ती गोष्ट मलाच नीट सांगता येत नाही.

व्हिरिओ मुळात टग नव्हतीच. १९१९ साली नौदलात आलेली, पाणसुरुंग वेचणारी बोट. लांबी १८८ फूट, वेग फार तर १४ नॉट. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ती तिथेच होती. १ जून १९४२ला तिला कागदावर टग केलं, आणि पाच दिवसांत तिच्या मागे काय बांधलं, तर पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईत जखमी झालेली यॉर्कटाउन. वीसेक हजार टनांची विमानवाहू बोट आणि ओढायला ही हजारेक टनांची म्हातारी. ती जेमतेम पुढे सरकत होती. नौदल असो की बंदर, टगला हमालच समजतात: दिसला बोजा की दे हिच्या पाठीवर.

६ जूनला दुपारी जपानी पाणबुडीचे पाणतीर यॉर्कटाउनला आणि तिच्या कुशीला लागून उभ्या असलेल्या हॅमन या विनाशिकेला लागले. व्हिरिओने गॅस कटरने टो वायर कापली, वळली आणि पाण्यातली माणसं उचलायला लागली. यॉर्कटाउन दुसऱ्या दिवशी पहाटे बुडाली.

इथे मी नेहमी थांबतो, कारण ताणलेली वायर कापणं काय असतं ते या पोरांना सिम्युलेटरवर कळत नाही. मी ते एकदा केलंय. मे महिन्याचा शेवट, जयगडच्या बाहेर, मागे बार्ज, म्हणजे जेटीच्या दगडांनी भरलेली बिनइंजिनाची सपाट बोट. रात्री तिच्यात पाणी शिरायला लागलं, ती एका अंगावर कलली. वरच्या दोन खलाशांना आधी उतरवून घेतलं. वायरचा झोळ पाण्याबाहेर आला, मग वायर तारेसारखी ताठ झाली आणि आमचीच शेपूट पाण्याखाली जायला लागली. वायर झटकन सोडायचा क्विक रिलीज ओढला, हुक हलेना. नंतर कळलं, सर्व्हेच्या आधी कुणीतरी पिनवरच रंगाचे तीन हात मारले होते. रंग मारण्यात आपण जगात पटाईत.

मग गॅस कटर. सगळ्यांना आत पाठवायचं, आपण वायरच्या रेषेत उभं राहायचं नाही, आणि वायरचा एक एक पेड, म्हणजे पीळ, तापवत जायचं. पहिले पेड शांतपणे सुटतात. शेवटचे दोन आपण कापत नाही, ते स्वतःच तुटतात. आवाज बंदुकीसारखा येतो आणि टोक कुठे जाईल ते कुणी सांगू शकत नाही. आमचं टोक डेकहाउसच्या दाराला बसलं. दाराला अजून खोक आहे.

बार्ज बुडाली नाही. दोन दिवसांनी वाळूवर जाऊन बसली, बहुतेक दगडांसकट. ऑफिसमधून एकच प्रश्न आला: कापली कशाला?

असो. ऑक्टोबर १९४२. पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटावर अमेरिकन विमानांना पेट्रोल नाही. एस्पिरितू सांतो बेटावरच्या तळावरून एक ताफा निघाला, मागे बार्जी. एकेका बार्जीवर २,००० पिंपं पेट्रोल, म्हणजे सुमारे ३ लाख लिटर, आणि वर पाव-पाव टनाचे ५०० बॉम्ब. अशी टो मला कुणी दिली तर मी सही करणार नाही. १५ तारखेला जपानी विमानवाहू बोटी जवळपास असल्याचं कळल्यावर बाकीच्या माघारी वळल्या. व्हिरिओ आणि मेरेडिथ ही विनाशिका एक बार्ज घेऊन पुढे गेल्या. दुपारच्या सुमारास शत्रूच्या दोन युद्धनौका जवळ असल्याची खबर आली. मेरेडिथने हुकूम दिला: टग सोडा. व्हिरिओची सगळी माणसं मेरेडिथवर आली. टग शत्रूच्या हाती पडू नये म्हणून मेरेडिथ तिच्यावर पाणतीर सोडायच्या तयारीत होती, तेवढ्यात झुइकाकू या जपानी विमानवाहू बोटीची ३८ विमानं आली.

त्यांनी मेरेडिथ बुडवली. रिकामी व्हिरिओ तशीच तरंगत राहिली. माणसं तीन दिवस, तीन रात्री पाण्यात. भाजलेली, तहानलेली, आणि खाली शार्क. दोन्ही बोटींची मिळून २००हून जास्त गेली. व्हिरिओ पुढे सापडली आणि १९४६पर्यंत नोकरी करत राहिली.

ती पेट्रोलची बार्जही सापडली. ती परत आणण्यात सेमिनोल नावाची दुसरी टग होती. १९४०ची, नवी, डिझेल-इलेक्ट्रिक. दहाच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, ग्वाडलकनालच्या किनाऱ्याजवळ तीन जपानी विनाशिकांनी तिला गाठलं. तिच्यावरही पेट्रोल आणि तोफा लादलेल्या. पत्रा इतका पातळ की बरेचसे गोळे न फुटताच आरपार गेले. पण पेट्रोल पेटलं आणि ती गेली. एवढं होऊन तिच्यावरचा एकच माणूस मेला. जी टग बुडाली तिच्यावर एक, जी तरंगत राहिली तिची डझनांनी.

इथवर आलो आणि त्या पोराने हात वर केला. “सर, म्हणजे टगवरच थांबले असते तर वाचले असते?”

माझं उत्तर ठरलेलं आहे. त्या घडीला जे माहीत होतं त्यावर निर्णय बरोबर होता. १४ नॉटची म्हातारी युद्धनौकांपुढे काय पळणार? कोर्टातही हेच टिकतं, विम्याच्या कागदावरही. ते म्हटलं.

तो म्हणाला, “तुमच्या बार्जचं पण तसंच का?”

वर्गात कुणीतरी हसलं. मी हो म्हणालो, पण जरा उशिरा म्हणालो.

मग त्याने विचारलं, “पाण्यातल्या लोकांना ती टग दिसत असेल का?”

हे मला सहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी खडू घेतला. व्हिरिओचं डेकहाउस, धुराडं, डोलकाठी, सगळं वाऱ्यात उभं. तराफे पाण्याला चिकटलेले, त्यांना प्रवाह नेणार. टगला वारा ढकलणार, आणि आतलं वजन कमी झालं की आणखीच जोरात. एक तराफा तिच्यापर्यंत पोहोचला, त्यावरचे लोक वर चढले आणि वाचले. तो सुरुवातीलाच पोहोचला असणार. नंतर वल्हवून गाठणं शक्य नव्हतं. बाकीच्यांना ती पहिल्या संध्याकाळी दिसत असेल, लहान होत जाताना.

मी फळ्यावर दोन रेषा काढल्या, एक वाऱ्याची, एक प्रवाहाची. “किती नॉटचा फरक धरायचा, सर?” त्याने वही उघडली होती.