दुसऱ्या खेपेला मंजूर झालेला प्रस्ताव : माझा अनुभव

मी मूळची सोलापूरची. गेली नऊ वर्षे जर्मनीत उष्णता साठवण्याच्या तंत्रावर संशोधन करते. युरोपातील एकूण ऊर्जेपैकी सुमारे निम्मी ऊर्जा तापवण्यासाठी व थंड करण्यासाठी खर्च होते आणि तिचा मोठा भाग अजूनही इंधन जाळूनच मिळवला जातो. उन्हाळ्यातली सौर उष्णता जमिनीखालच्या पाण्याच्या साठ्यात हिवाळ्यापर्यंत राखून ठेवावी, या प्रकल्पासाठी आम्ही युरोपीय संघाच्या ‘होरायझन युरोप’ (२०२१ ते २०२७) या कार्यक्रमाकडे निधी मागितला.

तीन देशांतील तीन स्वतंत्र संस्था ही किमान अट, आणि ती पुरी करण्यातच आमचे चार महिने गेले. प्रस्तावाची परीक्षा शास्त्रीय उत्कृष्टता, परिणाम आणि अंमलबजावणी या तीन निकषांवर होते. प्रत्येकाला ५ गुण असतात, प्रत्येकात किमान ३ आणि एकूण १५ पैकी १० गुण मिळवावे लागतात. पहिल्या खेपेला आम्हाला उत्कृष्टतेत साडेचार आणि परिणामात जेमतेम ३ गुण मिळाले. एकूण गुण किमान मर्यादेच्या वर होते, पण गुणानुक्रमे निधी आमच्यापर्यंत पोहोचण्याआधीच संपला. ही उष्णता नेमकी कोण वापरणार, हे प्रस्तावातून कळत नाही, असा परीक्षकांचा शेरा होता. तो वाचून वाईट वाटले, पण तो खरा होता.

दुसऱ्या वेळी लेखनाला बसण्यापूर्वी आम्ही घरोघरी गरम पाणी पुरवणारी एक नगरसंस्था आणि भाडेकरूंची एक सहकारी गृहनिर्माण संस्था यांना भागीदार करून घेतले. त्यांच्या तळघरात उभे राहिल्यावर समजले की खोल्या तापवणाऱ्या जुन्या रेडिएटरांना ७० अंशांचे पाणी लागते, आणि आमच्या साठ्यातले पाणी फेब्रुवारीपर्यंत ५० अंशांच्याही खाली उतरणार होते. आम्ही आराखड्यात हीट पंप (कोमट पाण्यातली उष्णता विजेच्या मदतीने अधिक तापमानाला नेणारे यंत्र) घातला, खर्च नव्याने मांडला, आणि मला प्रिय असलेली गणिती प्रारूपाची सहा पाने निम्म्यावर आणली. पानमर्यादेबाहेरचा मजकूर परीक्षकांपुढे जातच नाही, म्हणून प्रत्येक परिच्छेदाचा हिशेब ठेवावा लागला.

पुण्यातील सहकाऱ्यांना सोबत घेण्याची माझी मनापासून इच्छा होती. परंतु भारतीय संस्थांना या कार्यक्रमातून आपोआप निधी मिळत नाही, आणि त्यांचा स्वतःचा निधी वेळेत उभा राहिला नाही. ही खंत अजून आहे.

अंतिम मुदतीनंतर आठव्या महिन्यात करारावर सह्या झाल्या. आता त्याच तळघरात पहिले तापमापक बसवले जात आहेत.